भिंतीवरचे खापरपणजोबा

ओलिंतो तोमाझोनी हा सान रोक्को वस्तीच्या इटालियन मंडळाचा अध्यक्ष होता आणि ही गोष्ट विसरायला तो कुणाला सवड देत नसे. घराचे दरवाजे हिरवे, भिंती पांढऱ्या, छप्पर लाल. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा याच तीन रंगांचा. ब्राझीलने गोल केला की तो "बरी खेळतात पोरं" म्हणायचा, शेजाऱ्याच्या मुलांबद्दल बोलावं तसं. इटली हरली की त्याला जेवण जात नसे, निदान दुसरी वाढणी तरी. त्याचा पणजोबा बोर्तोलो जहाजानं ब्राझीलला आला, या डोंगरात त्यानं रान तोडलं, द्राक्षं लावली. आता या डोंगरात कुणाचा पणजोबा जहाजानं आला नाही? पण ओलिंतो ती हकिकत अशा थाटात सांगायचा, की बाकीच्यांचे पणजोबा पोहत आले असावेत.

अशा माणसाच्या काळजात एक काटा होता. मंडळाच्या गायकांबरोबर तो आयुष्यात एकदाच इटलीला गेला होता. गळ्यात तीनरंगी रुमाल, टोपीत पीस, ओठांवर गाणं. विमानतळावर गणवेशातल्या एका पोरीनं त्याला बाजूला काढलं आणि परक्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. शेजारच्या, इटलीच्या आपल्या माणसांच्या रांगेतून, कानात बाळी घातलेला एक पोरगा च्युइंगम चघळत, मान वर न करता निघून गेला. परत आल्यावर ओलिंतोनं सगळ्यांना पोप, पूल आणि पुतळ्यांबद्दल सांगितलं. रांगेबद्दल फक्त बायकोला, ओदिलाला सांगितलं, तेही तोंड भिंतीकडे करून. मरायच्या आधी इटलीनं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं की हा आमचा आहे, एवढंच त्याला हवं होतं.

ते म्हणवून घ्यायचा सरळ रस्ता शहरातल्या इटलीच्या वकिलातीतून जातो. पण तिथली रांग अशी, की आजोबानं नाव घालावं आणि नातवाला बोलावणं यावं. म्हणून हल्ली आमच्याकडे लोक थेट इटलीतल्या कोर्टात दावा लावतात, की मी जन्मापासूनच इटालियन आहे, तुमच्या माणसांना तसं सांगा. आईवरच खटला भरायचा, की बाई, मी तुझा मुलगा आहे हे कबूल कर. असले दावे पाहायची ग्राझिएला नावाची वकीलीण. आमच्याकडे वकिलाला दोतोर म्हणतात आणि वकीलिणीला दोतोरा; तिच्याकडे औषध मागू नये. ओलिंतोनं तिला रविवारी जेवायलाच बोलावलं.

"कागद नंतर," तो म्हणाला. "आधी मूळ पुरुषाचं दर्शन घ्या."

बैठकीच्या भिंतीवर, क्रुसाच्या शेजारी, सोनेरी चौकटीत एक म्हातारा होता. टक्कल, पांढरे भरघोस कल्ले खाली येऊन मिशांना मिळालेले, छातीभर पदकं. बोर्तोलोच्या पेटीतून आलेलं हे एकच चित्र.

"माझे खापरपणजोबा. बोर्तोलोचे वडील."

दोतोरानं चष्मा वर केला, खाली केला. "आणि ही पदकं कसली?"

"चीजची. अख्ख्या खोऱ्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती."

"कमरेला तलवार आहे, नोनो." आमच्याकडे पिकल्या केसाच्या माणसाला सगळेच नोनो म्हणतात, म्हणजे आजोबा.

"मग चीज काय नखानं कापायचं?"

"फार पावतात हो," ओदिला स्वयंपाकघरातून म्हणाली. "सासूबाईंनी सांगून ठेवलंय. गाय अडली की यांच्यापुढे मेणबत्ती लावायची. आजवर एक वासरू दगावलं नाही."

दोतोरा खुर्चीत बसली. पेल्यातली वाइन तिनं आधी संपवली, मग बोलली. "नोनो, हे तुमचे खापरपणजोबा नाहीत. हे फ्रान्झ योसेफ. ऑस्ट्रियाचे सम्राट."

ओलिंतो हसला. मग थांबला.

"सम्राट?" ओदिला हात पुसत बाहेर आली. "आमच्या नात्यात कसे काय आले?"

"नात्यात नाही आले. बोर्तोलोचं गाव आज इटलीत आहे, पण तो निघाला तेव्हा ते या सम्राटाच्या राज्यात होतं. इटलीला ते मिळालं पहिल्या महायुद्धानंतर. बोर्तोलो इटालियन कधी नव्हताच. तो ऑस्ट्रियन म्हणून जहाजात चढला आणि ऑस्ट्रियन म्हणून उतरला."

"ऑस्ट्रियन लोक पोलेंता खातात का?" ओलिंतोनं विचारलं. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, आमच्याकडचं रोजचं जेवण. आवाज अध्यक्षाचाच होता, पण त्यातली हवा गेली होती.

"कोर्ट पोलेंता विचारत नाही, नोनो. मधे त्या भागातून आलेल्यांसाठी एक सवलत निघाली होती. अर्ज केला की नागरिकत्व मिळायचं. तिची मुदत केव्हाच संपली. सगळ्या मंडळांकडे पत्रकं आली होती म्हणे."

ओलिंतोला ते पत्रक आठवलं. 'पूर्वीच्या ऑस्ट्रियाच्या राज्यातून गेलेल्यांसाठी' असं वर लिहिलेलं वाचून तो म्हणाला होता, असली ब्याद आपल्या वस्तीत कोण आहे, आणि त्या कागदानं चूल पेटवली होती. ज्याच्या नावाचा जन्मभर डंका पिटला तो निघाला परका, आणि ज्याच्यापुढे मेणबत्त्या लावल्या तो निघाला त्याचा राजा.

ओदिला मात्र व्यवहारी बाई. तिनं स्टूल घेतलं, सम्राटांना भिंतीवरून उतरवलं आणि काखेत मारून गोठ्याकडे निघाली.

"कुठे नेतेस?"

"राजा असो नाहीतर कोण असो, वासरं सुटली ना? गोठ्यात लावते. तिथेच त्यांचं काम."

भिंतीवर चौकटीएवढा फिकट चौकोन उरला. ओलिंतो त्या चौकोनाकडे बघत बसला.

"तुमच्या नोनाचं काय?" दोतोरानं विचारलं. "वडिलांची आई कुठली?"

"नोना पिएरिना? ती झानरोस्सोंची. बाईमाणूस," ओलिंतो म्हणाला, म्हणजे विषय संपला.

दोतोराचा तिथेच सुरू झाला. झानरोस्सो लोक खऱ्या इटलीतले, विचेंझाकडचे. पिएरिना तिकडे जन्मून आईच्या कडेवर आलेली. आता जुना कायदा असा, की आई आपल्या लेकराला नागरिकत्व देऊ शकत नसे. ते बापाकडूनच यायचं. पुढे तो बदलला, पण आधी जन्मलेल्यांना वकिलात दारातूनच परत पाठवते. कोर्ट मात्र पाठवत नाही. आईकडून आलेलं इटालियनपण सांगायला न्यायाधीश लागतो.

"आणि नशीब बघा," ती म्हणाली, "झानरोस्सोंचा दावा माझ्याकडेच तयार आहे. पिएरिनाच्या वडिलांपासूनचे सगळे कागद आहेत. तुम्हाला त्यात जोडते. फक्त ज्याच्या नावानं दावा आहे त्यानं हो म्हणायला हवं."

"कुणाच्या नावानं आहे?"

"वाल्दोसिर."

ओदिलानं गोठ्यातून परत येताना फक्त नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिला कळलं की नाव कुणाचं निघालं.

वाल्दोसिर झानरोस्सो ओढ्यापलीकडे राहायचा, आणि दोघांत बोलणं नव्हतं. ओलिंतोच्या मते भांडण बोचाचं होतं. लाकडी गोळा छोट्या गोळीच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा हा खेळ. त्यात एकदा दोघांचे गोळे सारखेच जवळ पडले, आणि ओलिंतोनं द्राक्षाच्या काडीनं मोजून निकाल स्वतःकडे दिला. तेव्हापासून वाल्दोसिर मंडळात यायचा, जेवायचा, पण अध्यक्षाचं भाषण सुरू झालं की लघवीला जायचा.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही म्हण आमच्या डोंगरात कुणाला ठाऊक नाही, पण त्या सोमवारी ओलिंतो जसा ओढा ओलांडून गेला ते बघणाऱ्याला तिचा अर्थ सांगावा लागला नसता. काखेत स्वतःच्या तळघरातली वाइन होती. डोक्यावर पिसाची टोपी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"ती काडी वाकडी होती," त्यानं दारातूनच सांगितलं. "डाव तुझा. चल."

वाल्दोसिर द्राक्षाच्या वेली बांधत होता. तो आधी हसला आणि मग हसता हसता खोकायला लागला. "तुला वाटतं मी बोचासाठी तुझ्याशी बोलत नाही?"

"मग कशासाठी?"

"बस," वाल्दोसिर म्हणाला, आणि स्वतः मात्र उभाच राहिला. "पिएरिना माझ्या आजोबांची धाकटी बहीण. तुमच्या घरी दिली. मधे हा एवढा ओढा. आजोबा दर रविवारी तिच्यासाठी टेबलाशी एक खुर्ची जास्त मांडायचे. आम्ही पोरं विचारायचो, कोण येणार आहे? म्हणायचे, पिएरिना येईल. एकदाही आली नाही."

"तिला वेळ कुठला? घरात बाप्येच केवढे. एवढ्यांचा पोलेंता घोटायचा म्हणजे…"

"तेच म्हणतोय मी."

ओलिंतोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दोतोराचा फोन आला होता," वाल्दोसिर म्हणाला. "बोर्तोलो ऑस्ट्रियाचा निघाला म्हणे. हे मी मंडळात सांगणार नाही. निदान रोज नाही. आणि दाव्यात तुला घेईन. पण द्राक्षतोडणीनंतरचं जेवण येतंय. त्या दिवशी पोलेंता तू घोटायचास. सगळ्यांना तू वाढायचंस. शेवटचा माणूस उठेपर्यंत बूड टेकायचं नाही. आणि जेवायचं ते चुलीपाशी, उभ्यानं."

"अध्यक्षानं?"

"नातवानं," वाल्दोसिर म्हणाला.

घरी येऊन ओलिंतोनं तासभर थयथयाट केला. हा अपमान आहे, ही खंडणी आहे, मी मेलो तरी करणार नाही. ओदिला बटाटे सोलत ऐकत होती.

"म्हाताऱ्या, मी लग्न झाल्यापासून घोटतेय. मी मेले का?"

गळ्यातला रुमाल सैल करून तो अंगणात गेला.

जेवणाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात अख्खी वस्ती लोटली. अध्यक्ष पोलेंता घोटणार ही बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे जे दरवर्षी उशिरा येतात ते लवकर आले. साखळीला टांगलेल्या तांब्याच्या हंड्यात पाणी खदखदत होतं आणि शेजारी हातात लाकडी दांडा घेऊन, तीनरंगी रुमाल बांधून अध्यक्ष उभे. पाद्रीबुवांनी जवळ येऊन विचारलं, "कसला नवस फेडताय, ओलिंतो?"

"कोर्टाचा, फादर."

मक्याचं पीठ धारेनं सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, एवढंच ते काम. ऐकायला सोपं. सुरुवातीला ओलिंतोनं गाणं म्हणत घोटलं. पीठ आळायला लागलं तसं गाणं बंद झालं. मग दांडा जड झाला, खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, आणि रुमालाचं टोक हंड्यात जाऊन पिवळं होऊन बाहेर आलं. बायका एका रांगेत उभ्या राहून बघत होत्या, नवी मोटार बघावी तशा.

"गुठळ्या होतायत, अध्यक्ष."

"एकाच बाजूनं घोटू नका."

"तळाशी लागतंय बघा. सासूबाई असत्या तर दांडा पाठीत बसला असता."

पोलेंता फळीवर पालथा झाला तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या पोलेंताला होत्या. मग दोऱ्यानं कापून वाढायचं. "ओलिंतो, इकडे." "ओलिंतो, रस्सा कुठाय?" "अरे, या टोकाला कुणी आहे की नाही?" तो धावत होता. ज्यांच्यापुढे त्यानं वर्षानुवर्षं भाषणं ठोकली ते लोक ताटातून मान वर न करता रिकामी थाळी त्याच्या दिशेनं पुढे करत होते. कुणी त्याच्याशी वाईट वागलं नाही. कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. दरवर्षीचं भाषण झालं नाही हे तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि ते त्याला खांद्यांपेक्षा जास्त दुखलं.

शेवटी गलका ओसरला. लोक पत्ते मांडायला गेले. ओलिंतो थाळी घेऊन चुलीपाशी आला. फळी चाटून पुसून स्वच्छ. रश्श्याच्या भांड्यात एक हाड. हंड्याच्या तळाला मात्र करपट, कडक खरवड धरली होती. त्यानं सुरीनं ती खरवडली आणि उभ्यानं एक तुकडा तोंडात टाकला.

आणि त्याला नोना दिसली. चुलीपाशी, उभी, हातात असाच एक पापुद्रा. लहानपणी तो टेबलावरून उठून तिच्याकडे पळायचा, आणि ती अर्धा मोडून त्याला द्यायची. तिच्या हाताला धुराचा वास असायचा. नोनाला खरवड फार आवडायची, असं तो जन्मभर सांगत आला होता. मंडळातल्या भाषणातसुद्धा एकदा सांगितलं होतं, आणि लोक गोड हसले होते. आता हंड्याच्या तळाकडे बघताना त्याला कळलं की आवडायचा प्रश्नच नव्हता. उरायचं तेच. आणि त्यातलंही अर्धं हा गाढव खाऊन जायचा.

त्याला रडू आलं. धुरामुळे आलं असं म्हणायची सोय होती, पण तो तसं म्हणाला नाही.

वाल्दोसिर कधी शेजारी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्यानं ओलिंतोच्या हातातला तुकडा मोडून अर्धा आपल्या तोंडात टाकला. "करपलाय," तो म्हणाला. "सही कुठे करायची ते दोतोराला विचार."

दावा व्हेनिसच्या कोर्टात गेला. कोर्ट ते कोर्ट. तिथेही एक हिवाळा गेला, द्राक्षं आली, परत हिवाळा आला. ओलिंतो आता दर शनिवारी ओढ्यापलीकडे बोचा खेळायला जात होता. मोजायला त्यांनी लोखंडी पट्टी घेतली होती आणि भांडण आता पट्टी कुणी धरायची यावर होई.

एका दुपारी दोतोरा स्वतःच मोटार घेऊन आली. वाल्दोसिरलाही तिनं बोलावून घेतलं होतं. निकाल लागला होता. ओलिंतोनं नवा सदरा घातला, टोपी घातली आणि उभं राहून ऐकायचं ठरवलं.

तिनं मधलं मधलं सोडून आमच्या भाषेत सांगितलं. न्यायाधीशबाई म्हणतात, पिएरिना झानरोस्सो जन्मानं इटालियन होती. परक्याशी लग्न करून ती परकी झाली नाही. तिनं आपलं नागरिकत्व मुलाला दिलं, मुलानं त्याच्या मुलाला दिलं. जुना कायदा म्हणत होता की तिच्याकडे देण्यासारखं काही नाही. ते चूक होतं.

"तुमचं नाव शेवटी आहे," ती म्हणाली. "वाचू?"

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते वाक्य समोर होतं. पण ओलिंतो म्हणाला, "राहू दे ते. नोनाचं परत वाचा."

तिनं परत वाचलं. ओदिलानं डोळ्यांना पदर लावला नाही, आमच्याकडे पदर नसतो. तिनं हातातलं फडकं लावलं, आणि त्याला कांद्याचा वास होता म्हणून आणखी रडली.

मग वाल्दोसिरनं कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "आजोबांच्या खोलीतलं आहे. तुझ्या त्या रिकाम्या चौकोनासाठी."

तो एक लहानसा फोटो होता. कधीकाळी कुणी फिरता फोटोवाला आला असेल. अंगणात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, केसांची वेणी खांद्यावरून पुढे. ती खुर्चीत ऐसपैस बसली होती. हात मांडीवर मोकळे, पाय पुढे पसरलेले, आणि फोटोवाल्यानं हलू नको म्हटलं असणार तरी ती हसत होती.

ओलिंतोनं फोटो खिडकीशी नेला.

"मी तिला बसलेलं कधी बघितलं नाही," तो म्हणाला.

त्यानं स्वतःच स्टूल घेतलं, स्वतःच खिळा ठोकला. फोटो सम्राटांपेक्षा फारच लहान. त्याच्या चारी बाजूंनी फिकट भिंत उरली. तरी ओदिला म्हणाली, छान दिसतंय, खोलीत जरा जागा झाल्यासारखी वाटते.

वाइनची बाटली उघडतायत तोच गोठ्यातून हंबरडा आला. काळी गाय अडली होती. ओदिला गोठ्यात बघून धावत आत आली, सवयीनं मेणबत्ती पेटवली आणि सवयीनंच ती त्या भिंतीपुढे ठेवायला निघाली.

ओलिंतोनं तिचा हात धरला.

"गोठ्यातल्या साहेबांकडे ने," तो म्हणाला. "हिला काही काम सांगायचं नाही. ती बसलीय."